मॉनिटर घेण्याआधी कॉम्प्युटरची पाठ बघा

मॉनिटर घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती इंची दाखवू?" आपणही पटकन सांगून मोकळे होतो, बावीस दाखवा, चोवीस दाखवा. माझी कळकळीची विनंती आहे, दुकानाची पायरी चढण्याआधी दोन कामं उरकून घ्या. घरच्या कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूचा, जिथे सगळ्या वायरी लागतात तिथला, नीट उजेडात मोबाइलवर फोटो काढा. आणि तुम्ही रोज जो मजकूर वाचता किंवा टाइप करता, त्यातलं एक मराठी पान पेनड्राइव्हमध्ये घेऊन जा. इंच, कंपनी, किंमत यांचं बोलणं त्यानंतर.

मी मराठी मजकुराची अक्षरजुळणी करतो, त्यामुळे दिवसभर पडद्यावरचे काने-मात्रे बघणं हाच माझा धंदा आहे. मुळशी तालुक्यातल्या पौड-पिरंगुटकडची ओळखीची माणसं मॉनिटरची तक्रार घेऊन येतात, ती बरीचशी एकाच प्रकारची असते. पडदा नवा कोरा आहे, मोठा आहे, पण अक्षर पुसट दिसतं आणि संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरतात. जाऊन बघावं तर मॉनिटर चांगला असतो. जुन्या मॉनिटरची निळी केबल काढून तीच नव्याला लावलेली असते, आणि नव्यासोबत आलेली एचडीएमआय केबल खोक्यात प्लास्टिकच्या पिशवीत तशीच पडलेली असते.

ती निळी केबल म्हणजे व्हीजीए. पंधरा पिनांची, दोन्ही कडांना हाताने पिळायचे स्क्रू असलेली. आयबीएमने १९८७ साली पीएस/२ या कॉम्प्युटरबरोबर ती बाजारात आणली. तेव्हाचा मॉनिटर म्हणजे मागे फुगलेली काचेची नळी. त्या नळीतल्या झोताला कमी-जास्त होणारं व्होल्टेज लागायचं, आणि व्हीजीए नेमकं तेच पुरवायची. त्या काळासाठी ती उत्तम होती.

आजच्या सपाट पडद्याचं काम वेगळं चालतं. त्यात ठिपके मोजून बसवलेले असतात. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८०, एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याने किती उजळायचं हे आकड्यांत ठरतं, आणि कॉम्प्युटरच्या पोटातही चित्र आकड्यांतच असतं. मध्ये व्हीजीए आली की कॉम्प्युटर त्या आकड्यांचं व्होल्टेज करतो, ते वायरीतून जातं आणि मॉनिटर पुन्हा त्याचे आकडे करत बसतो. ही उलट मोजणी करताना एक ठिपका कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे मॉनिटरला अंदाजाने ठरवावं लागतं. अंदाज जरासा चुकला की काळ्या उभ्या रेघेला खेटून करडी सावली उमटते. सिनेमा बघताना ती कळणारही नाही. पण मराठी मजकुरात उभ्या रेघांना तोटा नाही, जवळपास दर अक्षराला एक दंड आहे, आणि तो प्रत्येक दंड थोडा दुहेरी दिसायला लागतो. डोळा दिवसभर त्या दोन रेघांची एक रेघ करत राहतो. डोळे शिणतात ते यामुळे.

ज्यांच्या कॉम्प्युटरला व्हीजीएशिवाय दुसरं काही नाहीच, त्यांनी एवढं करावं. पडदाभर मावेल असं दाट मजकुराचं पांढरं पान उघडावं आणि मग मॉनिटरवरचं 'ऑटो' किंवा 'ऑटो अ‍ॅडजस्ट' हे बटण दाबावं. काळपट वॉलपेपर समोर असताना ते दाबलं तर मॉनिटरला पडद्याच्या कडा नीट सापडत नाहीत, म्हणून पांढरं पान. तरी सावली राहिली तर मेनूमधलं 'फेज' एकेक घर पुढे-मागे करून बघावं. अक्षर एका जागी एकदम निवळतं. केबल आखूड आणि जाड घ्यावी, शक्यतो दीड मीटरच्या आतली.

पण मागच्या फोटोत दुसरं काही दिसत असेल तर निळ्या केबलला निरोप द्या. इंटेल, एएमडी आणि काही बड्या मॉनिटर कंपन्यांनी डिसेंबर २०१० मध्येच जाहीर केलं होतं की व्हीजीए टप्प्याटप्प्याने बंद करणार. आपल्याकडच्या स्वस्त मदरबोर्डवर ती अजून असते, पण तिच्या शेजारीच बहुधा एचडीएमआय असते आणि ती रिकामी असते.

तर फोटोत काय बघायचं? पांढरं, लांबट, चौकोनी भोकांच्या ओळींचं असेल तर ते डीव्हीआय. १९९९ सालचं आहे, म्हणून ते जुनं समजून टाकून देऊ नका. त्यातून आकडेच जातात, १९२० बाय १२०० पर्यंतचं चित्र साध्या केबलने स्वच्छ येतं, आणि डीव्हीआयमधून नव्या मॉनिटरच्या एचडीएमआयमध्ये जायला एक साधी केबल पुरते. आवाज मात्र त्यातून येईल हे धरून चालू नका. खालचे दोन कोपरे तिरके कापलेलं, मोबाइलच्या चार्जरच्या पिनेहून रुंद, ते एचडीएमआय. याचं पहिलं मानक डिसेंबर २००२ चं. हिताची, सोनी, फिलिप्स, तोशिबा अशा कंपन्यांनी मिळून ते टीव्हीसाठी केलं आणि पुढे ते कॉम्प्युटरवर आलं. एकच कोपरा कापलेला असेल तर डिस्प्लेपोर्ट, हे २००६ पासूनचं, खास कॉम्प्युटरसाठी केलेलं. याच्या बऱ्याच केबलींना टोकाशी दोन बारीक हूक असतात. काढताना वरची कळ दाबूनच काढायची. न दाबता ओढली तर पोर्टच उखडून येऊ शकतो, आणि मग खर्च मदरबोर्डचा.

लॅपटॉपवाल्यांनी यूएसबी-सीची खात्री करून घ्यावी. भोक तेच असलं तरी प्रत्येक यूएसबी-सीमधून चित्र येतंच असं नाही. काहींतून फक्त चार्जिंग आणि फाइली जातात. भोकाशेजारी डिस्प्लेपोर्टची किंवा थंडरबोल्टची खूण आहे का बघा, नसेल तर लॅपटॉपच्या मॉडेलची माहिती काढून मगच ती महागडी केबल घ्या.

कन्व्हर्टरमध्ये तर फार जणांचे पैसे वाया जातात, कारण तो बहुधा एकाच दिशेने चालतो आणि ही गोष्ट कोणी सांगत नाही. कॉम्प्युटरला डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरला एचडीएमआय असेल तर स्वस्त केबलवर काम भागतं. उलट, म्हणजे कॉम्प्युटरला एचडीएमआय आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असेल, तर तीच केबल चालत नाही. त्याला वेगळी वीज घेणारा, महाग कन्व्हर्टर लागतो. व्हीजीएमधून एचडीएमआय करणारी डबी मिळते, पण तिने अक्षर सुधारत नाही. व्होल्टेजमध्ये जे हरवायचं ते आधीच हरवलेलं असतं. म्हणून पुण्याच्या तपकीर गल्लीत असो की पिरंगुटच्या दुकानात, केबल मागताना दोन्ही टोकं सांगा: "कॉम्प्युटरकडे हे आहे, मॉनिटरकडे ते आहे." फोटो दाखवा. दुकानदारालाही बरं पडतं.

एचडीएमआयची केबल सोन्याचा मुलामा दिलेली, जाळीदार, हजाराची असली म्हणून चित्र जास्त चांगलं दिसत नाही. घरगुती लांबीला साधी केबल पुरते. डिजिटल केबल खराब झाली तर अक्षर हळूहळू पुसट होत नाही. पडदा लुकलुकतो, चमकणारे ठिपके दिसतात किंवा चित्रच जातं. तेव्हा बदला.

एक गोष्ट आणखी, ज्यांच्या कॉम्प्युटरमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे त्यांच्यासाठी. मागे एचडीएमआय दोन ठिकाणी दिसते, वर मदरबोर्डची उभी आणि खाली कार्डाची आडवी. केबल खालच्या कार्डाला लावायची. वरती लावून "नो सिग्नल" आलं म्हणून नवा मॉनिटर परत करायला निघालेले लोक असतात.

आता पेनड्राइव्हमधल्या मराठी पानाकडे येतो, कारण माझं खरं सांगणं इथेच आहे. दुकानात मॉनिटरवर समुद्र, पोपट, डोंगर असे व्हिडिओ चालू असतात आणि त्यात कुठलाही पडदा देखणाच दिसतो. तुम्ही दुकानदाराला नम्रपणे सांगा, "दादा, एवढं एक पान उघडून दाखवा." पानावर दहा, अकरा, बारा पॉइंटातला मजकूर असू द्या, आणि त्यात रफार, अनुस्वार, उकार, जोडाक्षरं भरपूर असू द्यात.

इंग्रजीचं 'ओ' अक्षर पडद्यावर साधं उभं राहतं, त्याच्या डोक्यावर काही नाही आणि पायाशी काही नाही. आपलं तसं नाही. 'सर्वांत' हा शब्द घ्या. त्यातल्या 'र्वां'मध्ये अक्षराचं अंग आहे, शिरोरेघ आहे, पुढे काना आहे, आणि शिरोरेघेच्या वर रफार आणि अनुस्वार एकमेकांना खेटून बसलेत. विंडोजच्या नेहमीच्या मापात बारा पॉइंटाच्या अक्षराच्या वाट्याला साधारण सोळा ठिपक्यांची उंची येते. त्यातून रफाराला तीन-चार ठिपके, अनुस्वाराला एक-दोन. हे ठिपके जरा विस्कटले तर रफार आणि अनुस्वार मिळून एकच करडा डाग होतो. वाचणारा संदर्भावरून ओळखून घेतो, पण टाइप करणाऱ्याला चूक झाली तरी दिसत नाही. शिंदे यांचे 'शिदे' होतात ते असे, आणि मग दाखल्यावरचं नाव दुरुस्त करायला पौडच्या तहसील कचेरीची खेप पडते.

म्हणून मराठी वाचणाऱ्याने पडद्याचा आकार आणि ठिपके यांचा हिशेब एकत्र करावा. एका इंचात किती ठिपके, हा खरा आकडा. पूर्वी सर्रास मिळणारा साडेअठरा इंची, १३६६ बाय ७६८ चा मॉनिटर इंचाला सुमारे ८५ ठिपके देतो. साडेएकवीस इंची फुल एचडी सुमारे १०२, चोवीस इंची ९२. सत्तावीस इंची फुल एचडी घेतला तर हा आकडा ८२ वर येतो, म्हणजे त्या जुन्या साडेअठरा इंचीपेक्षाही अक्षर भरड. पैसे जास्त मोजून अक्षर वाईट मिळतं, हे कुणाच्या ध्यानात येत नाही कारण पडदा मोठा दिसतो. सत्तावीसच हवा असेल तर २५६० बाय १४४० चा घ्यावा, मग आकडा १०९ होतो. ज्यांचं बजेट सात-आठ हजारांच्या आसपास आहे त्यांना माझं सांगणं आहे की साडेएकवीस ते चोवीस इंची, फुल एचडी, आणि मोठ्या पडद्याचा मोह नको. खोक्यावर 'फुल एचडी सपोर्ट' असं लिहिलेलं असेल तर त्यावर जाऊ नका. मॉनिटरचं स्वतःचं रिझोल्युशन किती, तेच विचारा, आणि तेच बिलावर लिहून घ्या.

घरी आणल्यावर आई-वडील म्हणतात, अक्षर बारीक दिसतं. मग घरातला एखादा हुशार मुलगा रिझोल्युशन कमी करून १०२४ बाय ७६८ करून देतो. अक्षर मोठं होतं, पण फुगून पसरतं, कारण मोजून बसवलेल्या ठिपक्यांवर भलत्याच मापाचं चित्र ताणून बसवलेलं असतं. रिझोल्युशनला हात लावू नका. डिस्प्ले सेटिंगमध्ये 'स्केल' असतं, ते १०० वरून १२५ टक्के करा. साडेएकवीस इंची फुल एचडीवर बारा पॉइंटाचं अक्षर मग सोळाऐवजी वीस ठिपक्यांत बसतं, आणि उंचीला साडेअठरा इंची पडद्यावर दिसायचं जवळपास तेवढंच दिसतं. तेवढ्याच अक्षरात चार ठिपके जास्त. रफार आणि अनुस्वार वेगळे व्हायला ते पुरतात.

घरातला टीव्हीच मॉनिटर म्हणून वापरावा का, हेही विचारतात. बत्तीस इंची 'एचडी रेडी' टीव्ही बहुधा १३६६ बाय ७६८ चा असतो, म्हणजे इंचाला जेमतेम ४९ ठिपके. तो आठ-दहा फुटांवरून बघायला केलेला आहे. मुलाला दोन फुटांवर बसवून त्याच्यावर अभ्यास करायला लावू नका. फुल एचडी टीव्ही असेल आणि दुसरा इलाज नसेल, तर टीव्हीच्या मेनूत 'पीसी' मोड किंवा 'जस्ट स्कॅन' शोधा. नाहीतर टीव्ही चित्राच्या कडा कापतो, आणि रंगीत अक्षरांच्या कडा तर मुळात सांडलेल्या दिसतात, कारण टीव्ही रंगाची माहिती कमी करून दाखवतो.

पॅनलचे मुख्य प्रकार तीन, टीएन, व्हीए आणि आयपीएस. वाचायला-लिहायला आयपीएस घ्या. हिताचीने हे तंत्र १९९६ साली आणलं, तेव्हा ते महाग होतं, आता साध्या किमतीतही मिळतं. ओळखायची खूण अशी: मराठी पान उघडून थोडं खाली वाकून, मग बाजूला उभं राहून बघा. टीएन पडद्यावर खालून बघितलं तर पांढरं पान काळवंडतं. आयपीएसवर तसं होत नाही. 'एलईडी मॉनिटर' हे वेगळं पॅनल नव्हे, मागचा उजेड एलईडीचा आहे एवढाच त्याचा अर्थ. कॉन्ट्रास्ट एक कोटीला एक वगैरे जाहिरातीतले आकडे सोडून द्या. आयपीएसचा खरा आकडा हजाराला एकच्या घरात असतो आणि वाचायला तो भरपूर होतो. जास्त हर्ट्झचा आग्रह गेम खेळणाऱ्यांनी धरावा. १४४ चा घेतलाच तर डिस्प्लेपोर्टने जोडा. वक्र पडदा तक्ते आणि सातबारा बघणाऱ्याच्या कामाचा नाही. पडदा चकचकीत नको, मॅट हवा. घरात समोर खिडकी असते. आणि मागच्या लेबलवर बीआयएसचं चिन्ह व 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना, ते बघा.

आपल्या तालुक्याला एक सोय अशी आहे जी फार थोड्यांना आहे. हिंजवडी आणि माणचं आयटी पार्क मुळशीतच येतं. मोठ्या कंपन्या दर काही वर्षांनी मॉनिटर बदलतात आणि ऑफिसांतून निघालेले मॉनिटर जुन्या बाजारात येतात. हे मॉनिटर मुळात दिवसाचे आठ-दहा तास वाचण्यासाठी बनवलेले असतात, वर-खाली होतात, उभेही फिरतात. त्याच पैशांत मिळणाऱ्या नव्या स्वस्त मॉनिटरपेक्षा असा जुना चांगला मॉनिटर मी डोळे मिटून घेईन, फक्त मागचे पोर्ट डोळे उघडे ठेवून बघेन. कारण २०१२ ते २०१५ च्या सुमाराच्या ऑफिस मॉडेलांपैकी बऱ्याच मॉनिटरना एचडीएमआय नसते. डेलचा यू-२४१२-एम हा गाजलेला मॉनिटर घ्या, चोवीस इंची, आयपीएस, १९२० बाय १२०० चा. त्याला व्हीजीए, डीव्हीआय आणि डिस्प्लेपोर्ट आहेत, एचडीएमआय नाही. घरच्या कॉम्प्युटरला फक्त एचडीएमआय असेल तर एचडीएमआय-ते-डीव्हीआय केबल घ्या, काम होतं. हे माहीत नसलं की लोक व्हीजीए लावून बसतात, आणि इतका चांगला पडदाही पुसट दिसतो. जुना घेताना पडदाभर पांढरा, मग काळा, मग लाल, हिरवा, निळा रंग लावून बघा. मेलेला ठिपका, पिवळट कोपरा, पडद्यावर उमटून राहिलेलं जुनं चित्र, सगळं तिथेच दिसतं. लवळ्याच्या वसतिगृहांत राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा मार्ग जरूर विचारात घ्यावा.

आता पाऊस आणि वीज. मुळशी धरणाच्या पाण्यावर भिऱ्याला वीज होते, त्याच पाण्याखाली जाणाऱ्या गावांसाठी १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह उभा केला. आणि धरणाच्या काठाच्या, ताम्हिणीकडच्या वाड्या-वस्त्यांना आजही पावसाळी वाऱ्यात लाइट जाण्याची तयारी ठेवावी लागते. इथल्या माणसाने यूपीएस घ्यावाच. आणि मॉनिटरही यूपीएसवरच लावावा. पुष्कळांनी फक्त सीपीयू लावलेला असतो, मग लाइट गेल्यावर कॉम्प्युटर चालू पण पडदा अंधारा, काम सेव्ह करायचं कसं? एलईडी मॉनिटरचा भार फार नसतो, बावीस इंचीला साधारण २० वॉट. रोज आठ तास चालवला तर महिन्याला पाच युनिटही होत नाहीत. वळवाच्या पावसात ढग गडगडायला लागले की मात्र यूपीएसवर भरवसा न ठेवता प्लग भिंतीतून उपसून ठेवा, आणि इंटरनेटची वायरही काढा.

पावसाळ्यात घरात उजेड कमी असतो आणि मॉनिटर कारखान्यातून आला तसा शंभर टक्के उजळलेला असतो. पडद्यावरचं पांढरं पान शेजारी धरलेल्या कागदाइतकं दिसेल इतपत उजेड खाली आणा. तो फार खाली आणल्यावर काही मॉनिटर सूक्ष्म लुकलुकतात आणि डोकं दुखतं. 'फ्लिकर फ्री' लिहिलेला मॉनिटर घेतला तर ही अडचण टळते. आणि त्या दिवसांत दिव्यावर येणारे बारीक किडे कधी कधी पडद्याच्या आत शिरतात. काळा ठिपका हलताना दिसला की बोट लावू नका. दाबलात तर तो तिथेच चिरडून कायमचा चिकटतो. मॉनिटर बंद करा, खोलीत दुसरीकडे दिवा लावा, तो बहुधा आपणहून निघून जातो. पडदा पुसायला कोरडं मऊ फडकं, फार तर जरासं ओलसर. खिडकीच्या काचा पुसायचं निळं पाणी पडद्यावर मारू नका, वरचा लेप जातो.

पुण्याहून मॉनिटर आणताना खोकं उभंच ठेवा. चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुटचा घाट करत गाडीवर मांडीवर आडवं ठेवून आणलं, वर पिशवी ठेवली, की काचेवर दाब येतो, आणि तडकलेला पडदा वॉरंटीत बसत नाही. खोकं आणि आतला थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर जपून ठेवा. मॉनिटर दुरुस्तीला न्यायची वेळ आली तर त्याच्यासारखं दुसरं खोकं मिळत नाही. ऑनलाइन मागवलात तर खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा.

शेवटचं सांगणं आपल्या गावोगावच्या सेवा केंद्रवाल्यांना आणि टायपिंगवाल्यांना आहे, आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नवा मॉनिटर आला म्हणून जुना अडगळीत टाकू नका. तुमच्या कॉम्प्युटरला व्हीजीए आणि एचडीएमआय दोन्ही असतील तर बहुधा दोन्ही एकाच वेळी चालतात. नवा मॉनिटर एचडीएमआयवर तुमच्यासमोर ठेवा, आणि जुना व्हीजीएवर काउंटरच्या पलीकडे, आलेल्या माणसाकडे तोंड करून ठेवा. उत्पन्नाचा दाखला असो, शेतकऱ्याची नोंदणी असो की मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज, आजोबांना किंवा ताईंना आपलं नाव, आधारचा आकडा, गट नंबर समोर दिसू द्या. सबमिट दाबण्याआधी विचारा, "बाबा, नाव बरोबर आहे ना?" वाचता येत नसेल तर सोबतचं नातवंड वाचेल. खुर्चीवरून मान वाकडी करून तुमच्या पडद्यात डोकावायची वेळ त्यांच्यावर येऊ नये.

यात एक काळजी घ्या. 'डुप्लिकेट' केल्यावर दोन्ही पडद्यांवर एकच रिझोल्युशन जातं. जुना १३६६ चा असेल तर विंडोज नव्यालाही तेवढ्यावर आणू शकतं, आणि तुमचंच अक्षर बिघडतं. तसं झालं तर 'एक्स्टेंड' करा, आणि अर्ज भरून झाला की तपासायला ती खिडकी पलीकडच्या पडद्यावर सरकवा. विंडोजच्या कळीबरोबर शिफ्ट आणि उजवा बाण दाबला की ती उचलून तिकडे जाते. आणि पलीकडच्या पडद्यावर झूम १५० टक्क्यांवर ठेवा, समोर बसलेल्याचा चष्मा बहुधा घरी राहिलेला असतो.